पाणी दिसते त्याहून खोल असते

महाभारतातील मयसभेची कथा आपल्याकडे लहानथोर सर्वांना परिचित आहे. पांडवांच्या त्या सभागृहात स्फटिकाच्या कोरड्या भूमीवर दुर्योधनाला पाण्याचा भास झाला आणि जेथे खरोखरच पाणी होते, तेथे जमीन समजून त्याने पाऊल टाकले. कथाकाराने या फजितीचे श्रेय मयासुराच्या कौशल्याला दिले आहे. परंतु अशी मयसभा पाहण्यासाठी इंद्रप्रस्थाला जाण्याचे कारण नाही. गावची विहीर, शिवारातील शेततळे, पावसाने भिजलेला रस्ता आणि वैशाखातील तापलेली डांबरी सडक या ठिकाणी आपले डोळे नित्य फसत असतात. या फसगतीमागे कोणाचीही माया नसून प्रकाशाच्या वर्तनाचे दोन साधे नियम आहेत. त्यांतील एक परावर्तनाचा आणि दुसरा अपवर्तनाचा होय.

हे दोन्ही नियम शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत शिकविले जातात. विद्यार्थी त्यांच्या आकृत्या काढतात, व्याख्या पाठ करतात, परीक्षेत गुण मिळवितात आणि बहुधा पुढे ते सारे विसरून जातात. तथापि ज्या गावातील मुले उन्हाळ्यात विहिरीत आणि तळ्यात पोहावयास उतरतात आणि ज्या गावच्या रस्त्यावरून रात्री उसाने भरलेल्या गाड्या जातात, त्या गावाला हे ज्ञान परीक्षेपुरते ठेवणे परवडणारे नाही. म्हणून या नियमांची ओळख करून देणे आणि गावाच्या सुरक्षिततेशी असलेला त्यांचा संबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डोळ्यांचा एक ठाम समज

एखादी वस्तू आपल्याला दिसते याचा अर्थ त्या वस्तूपासून निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो. आज ही गोष्ट उघड वाटत असली, तरी प्राचीन ग्रीसमधील कित्येक विद्वान असे मानीत की, डोळ्यांतूनच किरण बाहेर पडतात आणि ते वस्तूला स्पर्श करतात. बसरा येथे जन्मलेल्या आणि पुढे कैरो येथे राहिलेल्या इब्न अल-हैथम या शास्त्रज्ञाने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रकाशशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे मत त्याने प्रयोगांच्या आधारे त्यात मांडले.

एकाच प्रकारच्या माध्यमातून जाताना प्रकाश सरळ रेषेत जातो. कौलांच्या फटीतून घरात उतरणारा कवडसा धुळीच्या कणांमुळे उजळतो, तेव्हा ही सरळ रेषा आपण प्रत्यक्ष पाहू शकतो. निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २,९९,७९२ किलोमीटर इतका असतो.

जन्मल्यापासून सरळ येणाऱ्या प्रकाशाची सवय झाल्यामुळे आपले डोळे आणि मेंदू यांचा एक ठाम समज होऊन बसतो. डोळ्यांत शिरलेला किरण ज्या दिशेने आला, त्याच दिशेला सरळ रेषेत ती वस्तू असणार, असे आपण नकळत गृहीत धरतो. बहुतेक वेळा हे अनुमान बरोबर ठरते. परंतु वाटेत एखादा पृष्ठभाग लागून प्रकाश माघारी फिरला किंवा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात शिरताना वळला, तर डोळ्यांना त्या वळणाची वार्ता नसते. मग वस्तू एका ठिकाणी असते आणि दिसते दुसऱ्याच ठिकाणी. पुढील सर्व विवेचनाचे सार या एका वाक्यात आहे.

परावर्तन : प्रकाश माघारी फिरतो

भिंतीवर टाकलेला रबरी चेंडू ज्या तिरपेपणाने आदळतो, साधारणपणे तितक्याच तिरपेपणाने दुसऱ्या बाजूला उसळतो. आरशावर पडणारा प्रकाशही असाच वागतो. किरण आरशावर जेथे पडतो, त्या बिंदूतून आरशाला एक लंब रेषा काढली, तर तिला स्तंभिका म्हणतात. येणारा किरण स्तंभिकेशी जो कोन करतो तो आपतन कोन, आणि परत जाणारा किरण करतो तो परावर्तन कोन. हे दोन्ही कोन नेहमी समान असतात. तसेच येणारा किरण, परत जाणारा किरण आणि स्तंभिका ही तिन्ही एकाच प्रतलात असतात. परावर्तनाचा नियम एवढाच आहे.

आरशासमोर दोन हात अंतरावर उभे राहिल्यास आपली प्रतिमा आरशामागे दोन हात अंतरावर दिसते, ती डोळ्यांच्या उपरोक्त समजामुळे. प्रत्यक्षात आरशामागे कोरी भिंत असते. या नियमावरूनच असेही सिद्ध करता येते की, स्वतःचे संपूर्ण शरीर पाहण्यासाठी सपाट आरशाची उंची आपल्या उंचीच्या निम्मी असली, आणि तो योग्य उंचीवर टांगलेला असला, तरी पुरते. शाळेत हा प्रयोग करण्यास एक आरसा व एक मोजपट्टी पुरेशी होते.

येथे एक प्रश्न उपस्थित होईल. भिंत, कागद आणि माती हीसुद्धा प्रकाश परत पाठवितात, मग त्यांत आपला चेहरा का दिसत नाही? याचे उत्तर असे की, या पदार्थांचे पृष्ठभाग सूक्ष्म दृष्टीने पाहिल्यास खडबडीत असतात. प्रत्येक किरण आपापल्या ठिकाणी नियम पाळतो, परंतु पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू वेगळ्या दिशेकडे तोंड करून असल्यामुळे सारे किरण विखुरतात. यास अनियमित परावर्तन म्हणतात. हे विखुरणे आपल्याला उपकारकच आहे. त्यामुळेच पुस्तकाचे पान वर्गातील कोणत्याही जागेवरून वाचता येते.

रात्री वाहन चालविणाऱ्यांनी मात्र या भेदाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. कोरडा डांबरी रस्ता खडबडीत असतो. वाहनाच्या दिव्याचा प्रकाश त्यावर विखुरतो आणि त्यातील काही भाग चालकाच्या डोळ्यांकडे परत येतो. पाऊस पडला की खडबडीतपणा पाण्याच्या थराखाली झाकला जातो व रस्ता आरशाप्रमाणे गुळगुळीत होतो. आपल्या दिव्याचा प्रकाश मग पुढच्या पुढे निघून जातो आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याची तिरीप मात्र रस्त्यावरून परावर्तित होऊन डोळ्यांवर येते. ओला रस्ता रात्री काळाकुट्ट का वाटतो आणि कडेने चालणारा पादचारी उशिरा का दिसतो, याचा उलगडा यावरून होतो. पावसाळ्यात वेग कमी ठेवण्याची सूचना केवळ चाके घसरू नयेत म्हणून दिलेली नसते, हे यावरून ध्यानात यावे.

वळणावरचा आरसा आणि गाडीमागचा रिफ्लेक्टर

गावात शिरणाऱ्या अरुंद रस्त्यांवर, घाटातील आंधळ्या वळणांवर आणि वाहनांच्या बाजूला जे आरसे असतात, ते बहुधा बहिर्गोल असतात, म्हणजे त्यांचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूस फुगलेला असतो. अशा आरशात आजूबाजूचा मोठा परिसर सामावतो, हा त्याचा गुण होय. परंतु त्यात प्रत्येक वस्तू मूळ आकारापेक्षा लहान दिसते. लहान दिसणारी वस्तू दूर असते असा आपला नित्याचा अनुभव असल्याने, मागून येणारा ट्रक अजून लांब आहे असे चालकाला वाटते. प्रत्यक्षात तो बराच जवळ आलेला असतो. अशा आरशाचा उपयोग वाहन येत आहे की नाही एवढे जाणण्यासाठी करावा. ते किती अंतरावर आहे हे त्यावरून ठरवू नये.

परावर्तनाच्या नियमाचा आणखी एक सुंदर उपयोग रिफ्लेक्टरमध्ये आढळतो. दोन सपाट आरसे एकमेकांशी काटकोनात उभे केले आणि त्यांच्या कोपऱ्याकडे विजेरीचा झोत आडव्या पातळीत टाकला, तर एका आरशावरून दुसऱ्यावर जाऊन तो झोत आल्या दिशेनेच माघारी येतो. असे तीन पृष्ठभाग घराच्या कोपऱ्याप्रमाणे परस्परांशी काटकोनात जुळविले, तर प्रकाश कोणत्याही बाजूने आत आला तरी तो आल्या वाटेने परत जातो. सायकल, ट्रॅक्टर आणि ट्रक यांच्या मागे लावलेल्या तांबड्या प्लॅस्टिकच्या चकतीत अशा बारीक कोपऱ्यांची दाटी असते. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेले रिफ्लेक्टर याच तत्त्वावर काम करतात. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण तेथून परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून चंद्राचे अंतर अचूक मोजले जाते.

चंद्राइतक्या अंतरावरून काम करणारे हे साधन आपल्या बैलगाडीलाही तितकेच उपयोगी आहे. उसाच्या गाळप हंगामात रात्रभर गाड्यांची व ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वाहतूक चालते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. पुढची बिनदिव्याची ट्रॉली तिच्या चालकाला ५० मीटर अंतरावरून दिसली, तर त्याच्या हाती जेमतेम ३ सेकंद उरतात. रिफ्लेक्टर स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही, त्याला वीज लागत नाही व तो बिघडतही नाही. पण चिखलाचा लेप बसला किंवा उसाचे वाढे त्यावर लोंबू लागले, तर तो असून नसल्यासारखा होतो. म्हणून रिफ्लेक्टर बसविण्याइतकेच तो दररोज फडक्याने पुसणेही आवश्यक आहे.

अपवर्तन : प्रकाश वळतो

हवेतून येणारा किरण पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा पडला, तर त्याचा काही भाग परावर्तित होतो आणि उरलेला आत शिरताना आपली दिशा बदलतो. या वळण्याला अपवर्तन म्हणतात. जुन्या क्रमिक पुस्तकांत यासाठी वक्रीभवन हा शब्द वापरीत असत. हवेतून पाण्यात किंवा काचेत जाताना किरण स्तंभिकेकडे झुकतो. उलट पाण्यातून हवेत येताना तो स्तंभिकेपासून दूर जातो. लंबरूप पडलेला किरण मात्र न वळता सरळ आत जातो.

हे वळणे किती, याचा शोध घेण्यास मानवाला दीर्घ काळ लागला. अलेक्झांड्रिया येथील टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात निरनिराळे कोन मोजून त्यांचे कोष्टक केले होते. बगदादच्या इब्न साहल याने सन ९८४ च्या सुमारास या नियमाचे भौमितिक रूप वापरल्याचे आढळते. युरोपात नेदरलँड्समधील लायडेनचा गणितज्ञ स्नेल याला १६२१ मध्ये तो नियम गवसला आणि १६३७ मध्ये देकार्त या तत्त्वज्ञाने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आपतन कोनाची ज्या आणि अपवर्तन कोनाची ज्या यांचे गुणोत्तर दोन ठरावीक माध्यमांसाठी नेहमी स्थिर असते, असा हा नियम आहे. या स्थिर संख्येला अपवर्तनांक म्हणतात. हवेच्या तुलनेत पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, नेहमीच्या काचेचा सुमारे १.५ आणि हिऱ्याचा सुमारे २.४२ आहे. उदाहरणार्थ, हवेतून पाण्यावर ३० अंशांनी पडलेला किरण आत २२ अंशांचा कोन करतो, तर ६० अंशांनी पडलेला किरण साधारण ४०.५ अंशांचा.

प्रकाश वळतो कशामुळे? निरनिराळ्या माध्यमांत त्याचा वेग निरनिराळा असतो, हे त्याचे कारण होय. पाण्यात हा वेग सेकंदाला सुमारे २,२५,००० किलोमीटर इतका उतरतो. प्रकाश हवेपेक्षा पाण्यात सावकाश जातो, हे १८५० मध्ये फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखवून दिले. ही गोष्ट समजण्यास प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचा दृष्टांत उपयोगी पडेल. शाळेच्या मैदानावर हातात हात धरून चाललेली मुलांची एक रांग टणक जमिनीवरून तिरपी होऊन मऊ वाळूत शिरत आहे, अशी कल्पना करावी. ज्या टोकाची मुले वाळूत आधी पोहोचतात, त्यांची चाल मंदावते. दुसऱ्या टोकाची मुले अजून टणक जमिनीवर असल्याने पूर्वीच्याच वेगाने पुढे येतात. परिणामी संपूर्ण रांग वळते. रांग समोरासमोर सरळ वाळूत शिरली, तर सर्व मुले एकदमच मंद होतात आणि दिशा बदलत नाही. प्रकाशाच्या बाबतीतही असेच घडते.

विहिरीचा तळ वर का दिसतो?

आता आपण या लेखाच्या मुख्य विषयाकडे येऊ. विहिरीच्या तळाशी एक दगड पडलेला आहे. त्यापासून निघालेला किरण पाण्याबाहेर पडताना स्तंभिकेपासून दूर वळतो आणि मग काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत शिरतो. डोळ्यांना या वळणाची माहिती नसते. ते शेवटच्या तुकड्याच्या दिशेनेच सरळ मागे शोध घेतात आणि दगड खऱ्या जागेपेक्षा वर आहे असे ठरवितात. संपूर्ण तळच अशा रीतीने वर उचललेला दिसतो.

सरळ वरून पाहिले असता दिसणारी खोली ही खऱ्या खोलीला अपवर्तनांकाने भागले म्हणजे मिळते. पाण्याचा अपवर्तनांक जवळजवळ ४/३ असल्यामुळे पाणी आपल्याला खऱ्या खोलीच्या पाऊणपट खोल दिसते. तीन मीटर खोल शेततळे सव्वादोन मीटर खोल भासते. उलट हिशेब करावयाचा झाल्यास, दिसणाऱ्या खोलीत तिचाच एक-तृतीयांश भाग मिळवावा, म्हणजे खरी खोली कळते.

या छोट्याशा गणिताचे महत्त्व एका उदाहरणावरून पटेल. चार फूट चार इंच उंचीचा मुलगा पाण्यात डोकावतो आणि त्याला तळ साडेतीन फुटांवर दिसतो. पाणी छातीपर्यंत येईल असा अंदाज बांधून तो आत उतरतो. प्रत्यक्षात तेथील खोली साडेतीन फूट अधिक चौदा इंच, म्हणजे चार फूट आठ इंच असते. छातीपर्यंत वाटलेले पाणी त्याच्या डोक्यावरून चार इंच जाते. ज्याला पोहता येत नाही, त्याच्या बाबतीत जीव वाचणे आणि जाणे यांतील अंतर एवढेच असू शकते.

हा हिशेब सरळ वरून पाहणाऱ्यासाठी आहे. काठावर बसलेला मुलगा सहसा तिरप्या नजरेने पाहतो आणि नजर जितकी तिरपी तितका तळ आणखी वर आल्यासारखा भासतो. शिवाय तिरप्या नजरेला पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेले आकाशच अधिक दिसते. सरळ वरून पाहताना पृष्ठभागावरून केवळ दोन टक्के प्रकाश परत येतो. नजर पृष्ठभागाला जवळजवळ समांतर झाली की बहुतेक सारा प्रकाश परत येतो आणि तळ दिसेनासा होतो. अशा प्रकारे परावर्तन आणि अपवर्तन हे दोघे मिळून पाहणाऱ्याला फसवितात.

जुन्या बारवांच्या आणि घाटांच्या पायऱ्या उतरतानाही हाच धोका संभवतो. पाण्याखालची पायरी जेथे दिसते तेथे ती नसते, तिच्याहून खाली असते. अंदाजाने टाकलेले पाऊल क्षणभर अधांतरी राहते आणि शेवाळलेल्या दगडावर तोल जातो. स्वच्छ पाणी सुरक्षित असते, असा एक समज आहे. वस्तुस्थिती अशी की, गढूळ पाण्याचा तळ दिसत नसल्याने मनुष्य सावध तरी असतो. नितळ पाणी मात्र तळ दाखवून खोटा धीर देते. दगडखाणींच्या खड्ड्यांत साठलेले पाणी आणि प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी यांच्याबाबत ही गोष्ट विशेषेकरून लक्षात ठेवावी. शेततळ्याच्या बाबतीत तर उतरत्या बाजूंवरील निसरड्या अस्तराची भर पडते आणि आत गेलेल्याला पाय रोवून वर येता येत नाही.

भाल्याने मासे मारणाऱ्यांना ही गोष्ट पुस्तकावाचून ठाऊक असते. मासा जेथे दिसतो, त्याच्या खाली ते नेम धरतात. अनुभवाने त्यांच्या हातांना जे शिकविले, तेच शास्त्राने आकड्यांत मांडले आहे.

सूर्योदय आणि मृगजळ

अपवर्तनाची करामत पाण्यापुरती मर्यादित नाही. पृथ्वीभोवतीची हवा जमिनीलगत दाट आणि वर विरळ असते. सूर्याचे किरण या थरांतून येताना हळूहळू वाकतात आणि क्षितिजाजवळ सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाहून किंचित अधिक वर उचललेला दिसतो. सूर्यबिंबाची रुंदीही जवळपास अर्धा अंशच आहे. त्यामुळे उगवतीला सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा भूमितीच्या हिशेबाने संपूर्ण बिंब क्षितिजाखालीच असते. या कारणाने सूर्योदय सुमारे दोन मिनिटे लवकर आणि सूर्यास्त तितकाच उशिरा होतो.

मृगजळातही हवेचे थर हेच कार्य करतात. तापलेल्या सडकेलगतची हवा उष्ण व विरळ होते. आकाशाकडून तिरपा उतरणारा प्रकाश या थरांत वाकत वाकत पुन्हा वर वळतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. परिणामी आकाशाचा तुकडा रस्त्यावर पसरलेला दिसतो आणि मन त्याला पाणी म्हणते. कोरड्या जागी पाणी दिसले आणि खोल पाणी उथळ दिसले, तरी कारण एकच आहे.

काचेच्या तंतूतून ग्रामपंचायतीत

प्रकाशाचा हाच गुणधर्म मनुष्याने अत्यंत कुशलतेने कामालाही लावला आहे. पाण्यातून किंवा काचेतून हवेकडे येणारा किरण स्तंभिकेपासून दूर वळतो, हे आपण पाहिले. त्याचा तिरपेपणा वाढवीत गेल्यास अशी एक मर्यादा येते की, त्यापुढे किरण बाहेर पडूच शकत नाही. तो संपूर्णपणे आतल्या आत परावर्तित होतो. या मर्यादेला क्रांतिक कोन आणि या घटनेला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पाण्यासाठी हा कोन सुमारे ४९ अंश आणि नेहमीच्या काचेसाठी सुमारे ४२ अंश असतो. १८४१ मध्ये जिनिव्हा येथे कोलादों या शास्त्रज्ञाने पाण्याच्या वक्र धारेतून प्रकाश नेऊन दाखविला होता.

काचेचा केसासारखा बारीक तंतू घेऊन त्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाच्या काचेचे आवरण दिले, तर आत सोडलेला प्रकाश असाच परावर्तित होत तंतूच्या वळणांबरोबर दूरवर जातो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले डॉ. नरिंदर सिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासमवेत अशा तंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेण्याविषयीचे संशोधन १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. दूरसंदेशवहनासाठी अतिशुद्ध काचेचे तंतू वापरता येतील, हे १९६६ मध्ये प्रतिपादन करणारे चार्ल्स काओ यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. देशातील ग्रामपंचायती अशा तंतूंनी जोडण्याच्या प्रकल्पास केंद्र शासनाने २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे हा प्रकल्प भारतनेट या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्या ग्रामपंचायत कार्यालयात या मार्गाने माहिती पोहोचते, तेथे पूर्ण आंतरिक परावर्तनाचा धडा प्रत्यक्ष काम करीत असतो.

शाळेने आणि ग्रामपंचायतीने काय करावे?

हे सारे समजून घेण्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. एका पातेल्यात नाणे ठेवावे आणि पातेल्याच्या काठाआड ते जेमतेम दिसेनासे होईल इतके विद्यार्थ्याने मागे सरकावे. दुसऱ्याने नाणे न हलविता हळूहळू पाणी ओतावे. थोड्याच वेळात लपलेले नाणे दिसू लागते. त्यानंतर बादलीत ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरावे. एकाने सरळ वरून तळाकडे पाहावे आणि तळ ज्या उंचीवर भासतो, तेथे बादलीच्या बाहेरून बोट टेकवावे. पाण्याच्या पातळीपासून बोटापर्यंतचे अंतर साडेबावीस सेंटिमीटरच्या आसपास भरते. एवढे झाल्यावर शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून वर दिलेले चार फूट चार इंचांचे गणित फळ्यावर सोडवून घ्यावे. हे प्रयोग शाळेतच करावेत. त्यासाठी मुलांना विहिरीवर किंवा तळ्यावर नेऊ नये.

या उपक्रमासाठी २८ फेब्रुवारी हा दिवस अत्यंत सोयीचा आहे. १९२८ मध्ये याच दिवशी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा, पुढे रामन परिणाम म्हणून विख्यात झालेला शोध लागला. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर लवकरच उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि मुलांची पावले पाण्याकडे वळतात. विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात भाषणांबरोबर नाण्याचा आणि बादलीचा प्रयोग झाला, तर त्याचा उपयोग पुढच्या दोन महिन्यांतच दिसून येईल.

ग्रामपंचायतीलाही फारसा खर्च न करता पुष्कळ गोष्टी साध्य करता येतील. सार्वजनिक विहिरी, तळी, बंधारे आणि खाणींचे खड्डे यांची खोली डोळ्यांनी न ठरविता दोरीला दगड बांधून मोजावी आणि ती ठळक अक्षरांत काठावर लिहावी. पाण्यात उभी मोजपट्टी रोवल्यास अधिक चांगले. पाण्याखालचे अंक वर सरकलेले भासतील, परंतु पाण्याच्या पातळीशी जुळणारा अंक मात्र खरा असतो आणि त्यावरून खोली अचूक कळते. त्याच जागी एक दोर आणि हवा भरलेली ट्यूब किंवा बूच लावलेला रिकामा डबा टांगून ठेवावा, म्हणजे बुडणाऱ्याला काठावरूनच आधार देता येईल. आंधळ्या वळणावरील आरसा स्वच्छ राहतो की नाही, हंगामात गावातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे पुसलेला रिफ्लेक्टर आहे की नाही, याकडेही सदस्यांनी लक्ष पुरवावे.

प्रकाशाचे नियम बदलणे कोणाच्या हाती नाही. पाणी यापुढेही उथळच दिसत राहील आणि बहिर्गोल आरशातील ट्रक दूरच भासत राहील. दिसणाऱ्या खोलीत तिसरा हिस्सा मिळविण्याची सवय मात्र प्रत्येक मुलाला लावता येते, आणि ती सवय लावण्याचे काम शाळा व ग्रामपंचायत यांनी मिळून अंगावर घेतले पाहिजे.